फळाच्या सालीतली पॉलिसॅकराइड्स: वेगळी कशी काढायची आणि त्यांची रचना कशी ओळखायची

फळाच्या सालीवर काम सुरू केलं की बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात की यात पेक्टिन (सालीतलं जेल करणारं पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरांची लांब साखळी) किती टक्के? आकडा मिळतो, रिपोर्टमध्ये जातो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण त्या आकड्यावरून साखळी कशी आहे, तिला शाखा किती, ती कॅल्शियमने धरून ठेवलीये की एस्टरने झाकलेली आहे, यातलं काहीच कळत नाही. आणि साल कडक राहते का मऊ पडते, तिच्यातून जेल बनतं का नुसतं चिकट पाणी होतं, हे सगळं नेमकं तिथेच ठरतं. म्हणून जे नुकतेच या कामाला लागलेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो जी पुढच्या प्रत्येक पायरीला लागू पडते: आपण या पायरीवर नेमका कुठला बंध तोडला, हे वहीत लिहून ठेवायचं. कशाने सुटलं यावरूनच ते कशाने धरलं होतं हे कळतं, रचना वाचायची ती अशीच.

आधी साखळ्या कागदावर काढा

हे टाळू नका. खरंच पेन घेऊन काढा, कारण पुढे जीसी-एमएसचा (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) तक्ता समोर आला की ज्याने हाताने रिंग काढलेल्या असतात त्यालाच तो लवकर उलगडतो.

सेल्युलोज सगळ्यात सोपं. नुसतं ग्लुकोज, बीटा-१,४ बंधाने जोडलेलं, आणि प्रत्येक पुढचं ग्लुकोज आधीच्यापेक्षा १८० अंशात फिरलेलं. बंधाची दोन्ही टोकं रिंगच्या प्रतलात, म्हणजे इक्वेटोरियल असतात, त्यामुळे साखळी सरळ आणि सपाट राहते, अशा साखळ्या एकमेकींना चिकटून हायड्रोजन बंधांनी घट्ट बसतात आणि प्राथमिक पेशीभित्तिकेत सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचे तंतू तयार होतात. पाण्यात विरघळत नाही ते यामुळेच.

झायलोग्लुकनचा कणा अगदी तोच, बीटा-१,४ ग्लुकोजचा, फक्त बऱ्याच ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवर अल्फा-१,६ बंधाने झायलोज लटकलेलं असतं. याच्यासाठी एक अक्षरी पद्धत आहे, १९९३ पासून सगळे तीच वापरतात: नुसतं ग्लुकोज म्हणजे जी, त्यावर झायलोज असेल तर एक्स, झायलोजवर गॅलॅक्टोज असेल तर एल, आणि त्या गॅलॅक्टोजवर आणखी फ्युकोज असेल तर एफ. बऱ्याच द्विदल झाडांत एक्सएक्सएक्सजी हा नमुना पुन्हा पुन्हा येतो, तीन ग्लुकोजवर झायलोज आणि चौथं मोकळं. टोमॅटोच्या कुळात मात्र गोष्ट वेगळी, तिथे झायलोज कमी, अरॅबिनोजही लावलेलं आणि अ‍ॅसिटिल गट जास्त. त्यामुळे टोमॅटोच्या सालीचा डेटा सफरचंदाच्या साच्यात बसवायला जाऊ नका.

आता पेक्टिन, आणि इथे थोडं थांबू, कारण सालीत खरी मजा इथेच आहे. पेक्टिन हे एका रेणूचं नाव नाहीच, तो एक कुटुंबकबिला आहे. १८२५ मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे नाव रूढ केलं तेव्हा जेल करणारं आम्ल एवढंच माहीत होतं. आज आपण त्यात निदान तीन मुख्य भाग ओळखतो.

पहिला होमोगॅलॅक्ट्युरोनन, पुढे नुसतं एचजी म्हणतो. गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची सरळ साखळी, अल्फा-१,४ बंधाने. आता ही रिंग खुर्चीच्या आकारात काढा आणि नीट बघा: गॅलॅक्टोजमध्ये चौथ्या कार्बनवरचा ऑक्सिजन उभा, म्हणजे अ‍ॅक्सियल असतो, आणि अल्फा बंधामुळे पहिल्या कार्बनवरचाही अ‍ॅक्सियल. दोन्ही टोकं उभी असली की साखळी सेल्युलोजसारखी सपाट राहूच शकत नाही, ती पिळवटत जाते आणि दर दोन रिंगांच्या मध्ये एक खळगा तयार होतो. त्या खळग्यात कॅल्शियमचा आयन बसतो, समोरासमोर दोन साखळ्या आल्या की तो दोघींना धरतो. १९७३ मध्ये मांडलेलं ‘अंड्यांच्या खोक्याचं’ मॉडेल ते हेच. पण यासाठी कार्बोक्सिल गट मोकळे हवेत. सहाव्या कार्बनवर मिथाइल एस्टर असेल तर ऋण भार नाही, भार नाही तर कॅल्शियम नाही. शिवाय एकटादुकटा मोकळा गट पुरत नाही, सलग बरेच मोकळे लागतात, म्हणून मिथाइल किती टक्के याच्याइतकंच ते कुठे कुठे आहेत हेही महत्त्वाचं. याशिवाय दुसऱ्या किंवा तिसऱ्या ऑक्सिजनवर अ‍ॅसिटिल गट असू शकतो. आणि काही फळांत, सफरचंदात तर नक्कीच, याच साखळीच्या तिसऱ्या ऑक्सिजनवर झायलोज लागलेलं सापडतं, त्याला झायलोगॅलॅक्ट्युरोनन म्हणतात.

दुसरा ऱ्हॅम्नोगॅलॅक्ट्युरोनन-१, म्हणजे आरजी-१. याच्या कण्यात ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल आळीपाळीने येतात, आणि ऱ्हॅम्नोजच्या चौथ्या ऑक्सिजनवरून शाखा फुटतात: बीटा-१,४ गॅलॅक्टन, अल्फा-१,५ अरॅबिनन, किंवा दोघांचं मिश्रण असलेले अरॅबिनोगॅलॅक्टन. किती ऱ्हॅम्नोजवर शाखा आहे आणि शाखा किती लांब, हे फळागणिक आणि पिकण्याच्या टप्प्यागणिक बदलतं.

तिसरा आरजी-२. नाव सारखं असलं तरी कणा एचजीचा आहे, त्यावर एपिओज, एसेरिक आम्ल अशा दुर्मीळ साखरांच्या ठरलेल्या शाखा असतात, आणि दोन आरजी-२ मध्ये बोरॉनचा पूल असतो, हे १९९६ मध्ये स्पष्ट झालं. रेणू विलक्षण आहे, पण त्याची रचना वेगवेगळ्या झाडांत जवळपास सारखीच राहते, त्यामुळे सालीसालींमधला फरक शोधत असाल तर माझ्या मते सुरुवातीला यात वेळ घालवू नये. साधारण वाटा धरायचा तर पेक्टिनमध्ये एचजी ६५ टक्क्यांच्या आसपास, आरजी-१ २० ते ३५, आरजी-२ १० च्या आत. सालीच्या आकड्यांची तुलना याच्याशी करून बघा, फार लांब गेले तर आधी पद्धत तपासा.

साल म्हणजे नेमकं काय घेतलं ते लिहा

सफरचंदाची साल म्हणजे क्यूटिकल (सगळ्यात वरचा मेणचट थर), त्याखालच्या बाह्यत्वचेच्या पेशी आणि सोलताना चिकटून आलेला थोडा गर. संत्रं-लिंबाच्या वर्गात वरचा रंगीत, तेलाच्या पिशव्या असलेला थर वेगळा आणि खालचा पांढरा भुसभुशीत थर वेगळा, पेक्टिनसाठी पांढरा थर जास्त कामाचा. दोन्ही एकत्र वाटले तर सरासरी मिळते, रचना नाही मिळत. शक्य असेल तर थर ब्लेडने खरवडून वेगळे करा आणि गर किती राहिला हे सूक्ष्मदर्शकाखाली एकदा तरी बघून घ्या.

क्यूटिकलबद्दल एक लक्षात ठेवा, त्यातलं क्युटिन हे मेदाम्लांचं पॉलिएस्टर आहे, पॉलिसॅकराइड नाही, वर मेण असतं ते वेगळंच. पण वजन करताना हे सगळं तुमच्या अवशेषात येऊन बसतं. वजनावरून टक्केवारी काढणाऱ्याला सालीत नेहमी फसायला होतं ते या क्युटिनमुळे, म्हणून टक्केवारी नेहमी मोजलेल्या साखरेवरून काढा.

अल्कोहोलमध्ये न विरघळणारा भाग तयार करणं

साल कापली की त्या क्षणापासून तिच्यातली एन्झाइम्स कामाला लागतात. पेक्टिन मिथाइल एस्टरेज मिथाइल गट काढतं, पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज साखळी तोडतं, आणि मग तुम्ही जे मोजता ती फळाची रचना नसून टेबलावर अर्धा तास पडलेल्या चुऱ्याची रचना असते. म्हणून सोललेली साल लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, गोठलेलीच वाटा आणि ती वितळायच्या आत गरम इथेनॉलमध्ये टाका.

अल्कोहोलचा हिशोब मात्र बहुतेकांचा इथेच चुकतो. सालीत स्वतःचं पाणी असतं. समजा १०० ग्रॅम सालीत ८० ग्रॅम पाणी आहे आणि तुम्ही ९५ टक्के इथेनॉल ४०० मिलिलिटर ओतलं, तर शेवटची तीव्रता ३८० भागिले ४८०, म्हणजे ७९ टक्क्यांच्या आसपास. हे छान. पण तेवढ्याच सालीवर ८० टक्के इथेनॉल ओतलं तर ती ६७ पर्यंत घसरते, आणि खूप शाखा असलेला किंवा तुटलेला पेक्टिनचा भाग द्रवात निघून जाऊ शकतो. शेवटची तीव्रता ७५ ते ८० धरून चला. २०-३० मिनिटं हलकं उकळू द्या, कंडेन्सर लावून, वॉटर बाथवर, उघडी ज्योत अजिबात नको.

मग गाळून घ्या, साखर जाईपर्यंत ८० टक्के इथेनॉलने धुवा (गाळलेल्या द्रवावर फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची चाचणी करून बघा, रंग येईनासा झाला की पुरे), त्यानंतर क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल १:१ ने मेण आणि रंगद्रव्यं काढा, शेवटी अ‍ॅसिटोन, आणि फ्यूम हूडमध्ये हवेवर वाळवा. ओव्हनमध्ये वाळवू नका, भित्तिका आक्रसते आणि पुढे द्रावण आत शिरत नाही.

स्टार्च आहे का हे आयोडिनने बघा. कच्च्या सफरचंदाच्या सालीला चिकटलेल्या गरात ते भरपूर असू शकतं, आणि तसंच पुढे गेलात तर त्याचं ग्लुकोज तुमच्या सेल्युलोज आणि झायलोग्लुकनच्या आकड्यात मिसळतं. ९० टक्के डीएमएसओने (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक) ते निघतं. अमायलेज वापरत असाल तर दोन गोष्टी बघा, त्यात पेक्टिन तोडणारी भेसळ नाही ना, आणि बफरमध्ये कॅल्शियम किती आहे. अमायलेजच्या बफरमध्ये बरेचदा कॅल्शियम घालतात, ते तुमच्या एचजीला बांधून टाकतं आणि पुढच्या पायरीचा अर्थच बदलतो.

एकेक बंध सोडवत जाणं

इथून पुढे त्याच अवशेषावर एकामागून एक द्रावण लावत जायचं. प्रत्येक वेळी सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव वेगळा, अवशेष पुन्हा त्याच द्रावणाने एकदा धुवायचा आणि तो धुतलेला द्रव त्याच बाटलीत.

आधी साधं पाणी, खोलीच्या तापमानाला. यात येतो तो सैल पेक्टिन, बहुतेक वेळा जास्त मिथाइल असलेला, ज्याला कोणीच धरून ठेवलेलं नव्हतं.

मग ५० मिलिमोलर सीडीटीए (धातूचे आयन पकडणारं संयुग), पीएच ६.५ ते ७. हे कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे जे सुटतं ते कॅल्शियमच्या पुलांनी धरलेलं, मुख्यतः दोन पेशींच्या मधल्या थरातलं. गरम करू नका, का ते लगेच पुढे येतं. सीडीटीए डायलिसिसमध्ये (पडद्यातून लहान रेणू बाहेर काढताना) हट्टीपणे मागे राहतं, म्हणून सरळ पाण्यात न टाकता आधी मिठाच्या किंवा अमोनियम अ‍ॅसिटेटच्या द्रावणात डायलिसिस करा, नाहीतर सुकवलेल्या पावडरच्या वजनात त्याचाच मोठा भाग असतो.

तिसरं ५० मिलिमोलर सोडियम कार्बोनेट, त्यात २० मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइड, रात्रभर ४ अंश सेल्सिअसला आणि मग साधारण दोन तास खोलीच्या तापमानाला. इथे थंडीचा आग्रह का? कारण अल्कलीत एचजीवर दोन प्रक्रिया एकाच वेळी सुरू होतात. एक, मिथाइल एस्टर सुटतो, ती आपल्याला हवी आहे. दुसरी बीटा-एलिमिनेशन. सहाव्या कार्बनवर मिथाइल एस्टर असला की शेजारच्या पाचव्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल पडतो, अल्कली तो काढून घेतं, चौथ्या आणि पाचव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो आणि चौथ्या कार्बनवरची पुढची सगळी साखळी गळून पडते. तापमान वाढलं की ही दुसरी प्रक्रिया पहिलीला मागे टाकते. थंडीत एस्टर आधी सुटतो, आणि एकदा एस्टर गेला की एलिमिनेशनला जागाच उरत नाही. साखळी तुटलीये का हे तपासायचं असेल तर २३५ नॅनोमीटरला शोषण बघा, तो दुहेरी बंध तिथे दिसतो. सीडीटीए गरम करू नका म्हटलं तेही यासाठीच, तटस्थ पीएचलाही गरम केल्यावर हेच होतं. बोरोहायड्राइड कशाला, तर साखळीचं रिड्युसिंग टोक (जिथे पहिला कार्बन मोकळा असतो) अल्कलीत एकेक साखर करून सोलत जातं, ते टोक अल्कोहोलमध्ये बदललं की सोलणं थांबतं.

या भागात सहसा शाखा जास्त असलेला, आरजी-१ ने समृद्ध पेक्टिन येतो. आणि हे ठळक लिहून ठेवा: इथून पुढच्या कुठल्याही भागावर मिथाइल किंवा अ‍ॅसिटिल मोजण्यात अर्थ नाही, ते तुम्ही स्वतःच काढून टाकलेत. ती मोजमापं मूळ अवशेषावर, पाण्याच्या किंवा सीडीटीएच्या भागावर करायची.

मग १ मोलर आणि त्यानंतर ४ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दोन्हीत बोरोहायड्राइड, वर नायट्रोजन सोडून. अल्कली भित्तिका फुगवतं, हायड्रोजन बंध सैल होतात आणि हेमिसेल्युलोज (झायलोग्लुकन, झायलन अशा साखळ्या) बाहेर येतात. सैल झायलन आणि थोडं झायलोग्लुकन पहिल्यात, सेल्युलोजला घट्ट बसलेलं झायलोग्लुकन दुसऱ्यात. काही जण ४ मोलरमध्ये बोरिक आम्लही घालतात, त्याने मॅनोज असलेल्या साखळ्या जास्त सुटतात. नंतर बर्फावर ठेवून अ‍ॅसेटिक आम्लाने तटस्थ करताना हळू घाला, बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन वायू फसफसून येतो, हूड चालू हवा, जवळ ठिणगी नको, चष्मा हवाच.

जे उरतं ते सेल्युलोज, असं पुस्तकात लिहितात. सालीत ते सेल्युलोज, क्युटिन आणि हट्टी पेक्टिन असतं. उरलेल्यात गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल आणि गॅलॅक्टोज मोजून बघाच, बऱ्याच फळांत ते शून्य येत नाही, आणि सेल्युलोजला काही पेक्टिन थेट बिलगून असतो याचा हा एक पुरावा आहे.

मोजायचं काय आणि कसं

गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लासाठी मेटा-हायड्रॉक्सीडायफिनिलची १९७३ मधली पद्धत अजून चालते: टेट्राबोरेट घातलेल्या तीव्र सल्फ्युरिक आम्लात १०० अंशाला ५ मिनिटं, थंड करा, अभिकर्मक घाला, गुलाबी रंग ५२० नॅनोमीटरला वाचा. रंग लवकर फिका पडतो म्हणून सगळ्या नळ्यांना सारखाच वेळ द्या. बाकीच्या साखरांमुळे तपकिरी छटा येते, त्यासाठी प्रत्येक नमुन्याचा अभिकर्मकाशिवायचा एक कोरा ठेवा, एकच सामायिक कोरा सालीला पुरत नाही.

मिथाइल किती याला टायट्रेशन सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते शिकायला सगळ्यात चांगलं. पेक्टिन आम्ल घातलेल्या अल्कोहोलने धुवा, मग क्लोराइड जाईपर्यंत नुसत्या अल्कोहोलने (सिल्व्हर नायट्रेटने तपासा), पाण्यात विरघळवा, सोडियम हायड्रॉक्साइडने पहिलं टायट्रेशन. हे मोकळे कार्बोक्सिल. मग मोजून जास्तीचं अल्कली घालून एस्टर सोडवा, तेवढंच आम्ल घाला, पुन्हा टायट्रेशन. हे एस्टरवाले. पहिलं ३ मिलिलिटर आणि दुसरं ७ आलं तर ७ भागिले १०, म्हणजे ७० टक्के. ५० च्या वर असेल तर त्याला जास्त मिथाइलचा पेक्टिन म्हणतात, तो भरपूर साखर आणि ३.५ पेक्षा कमी पीएच मिळाला तर जेल करतो, त्याखालचा कॅल्शियम मागतो. अडचण एकच, अ‍ॅसिटिल गटही दुसऱ्या टायट्रेशनमध्ये अल्कली खातात, त्यामुळे अ‍ॅसिटिल जास्त असलेल्या नमुन्यात मिथाइलचा आकडा फुगतो.

एफटीआयआर (अवरक्त किरणांचं शोषण मोजणं) करत असाल तर १७४० च्या आसपासची पट्टी एस्टरची आणि १६०० ते १६३० ची मोकळ्या कार्बोक्सिलेटची, दोघांच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर घ्यायचं. पण त्याआधी पीएच ६ च्या वर नेऊन सुकवा. आम्ल स्वरूपातला कार्बोक्सिल गटही एस्टरच्या शेजारीच शोषतो, आणि नमुन्यात ओल राहिली तर पाण्याची पट्टी १६४० ला येऊन दुसरी बाजू बिघडवते. ज्ञात मिथाइलच्या पेक्टिनांवर स्वतःची रेषा काढल्याशिवाय या गुणोत्तराला टक्के म्हणू नका.

साखरांवरून रचना वाचणं

एकेक साखर सुटी करायला २ मोलर टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल), १२० अंशाला एक तास, ही नेहमीची पद्धत. सेल्युलोज यात तुटत नाही, त्याला आधी ७२ टक्के सल्फ्युरिक आम्ल लागतं. दुसरं म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल आणि ऱ्हॅम्नोज यांच्यातला बंध आम्लाला फार चिवट आहे, त्यामुळे ऱ्हॅम्नोज नेहमी कमी दिसतं, आणि आरजी-१ चा सगळा हिशोब ऱ्हॅम्नोजवरच उभा असतो. आधी मिथेनॉलिसिस (आम्ल घातलेल्या मिथेनॉलने बंध तोडणं) करून मग टीएफए लावलं तर आकडा सुधारतो.

वजनातून मोलमध्ये जाताना साखळीत असलेल्या साखरेचं वजन धरा, म्हणजे पाणी वजा करून: हेक्सोज १६२, पेंटोज १३२, ऱ्हॅम्नोज आणि फ्युकोज १४६, गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल १७६, त्याचा मिथाइल एस्टर १९०.

आता समजा एका भागात मोल टक्के असे आलेत: गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल ७०, ऱ्हॅम्नोज ३, अरॅबिनोज १०, गॅलॅक्टोज १२, झायलोज २, ग्लुकोज २, बाकी १. आरजी-१ च्या कण्यात प्रत्येक ऱ्हॅम्नोजमागे एक गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल खर्च होतं, म्हणून एचजी म्हणजे ७० वजा ३, ६७. आरजी-१ म्हणजे ऱ्हॅम्नोजच्या दुप्पट अधिक अरॅबिनोज अधिक गॅलॅक्टोज, ६ अधिक १० अधिक १२, २८. शाखांची सरासरी लांबी अरॅबिनोज अधिक गॅलॅक्टोज भागिले ऱ्हॅम्नोज, २२ भागिले ३, सातच्या थोडं वर. प्रत्येक ऱ्हॅम्नोजवर शाखा असते असं नाही, त्यामुळे खऱ्या शाखा याहून लांब असतात, ऱ्हॅम्नोज कमी मोजलं गेलं असेल तर मात्र हा आकडा उगाच मोठा दिसतो, आणि नमुन्यात अरॅबिनोगॅलॅक्टन प्रथिनं आली असतील तर त्यांचंही अरॅबिनोज-गॅलॅक्टोज यातच मोजलं जातं. म्हणून हे गुणोत्तर दोन सालींची तुलना करायला वापरा, रेणूचं माप म्हणून नको. झायलोजचे २ टक्के कुठून आले हे इथे कळत नाही, त्याला पुढची पायरी लागते.

कुठला कार्बन कुठे जोडलाय

मिथायलेशनची कल्पना सोपी आहे. साखळीत असताना मोकळ्या सगळ्या हायड्रॉक्सिलवर मिथाइल लावा, मग साखळी तोडा, बोरोड्युटेराइडने (ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं बोरोहायड्राइड) रिड्यूस करा, आणि तुटल्यामुळे नव्याने मोकळ्या झालेल्या जागांवर अ‍ॅसिटिल लावा. जीसी-एमएसवर मिथाइल दिसला तिथे काही जोडलेलं नव्हतं, अ‍ॅसिटिल दिसला तिथे बंध होता किंवा रिंग बंद झाली होती. १९८४ पासून यासाठी डीएमएसओमध्ये बारीक सोडियम हायड्रॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड वापरतात, आधीच्या पद्धतीपेक्षा बरंच सुटसुटीत.

पेक्टिनला थेट हे लावू नका. हे अल्कली आहे आणि मिथाइल एस्टरवालं एचजी त्यात बीटा-एलिमिनेशनने तुटतं. आधी कार्बोडायइमाइड आणि बोरोड्युटेराइड वापरून आम्लाचा सहावा कार्बन अल्कोहोलमध्ये बदला. फायदा दुहेरी, साखळी वाचते आणि त्या कार्बनवर दोन ड्युटेरियम बसल्याने वस्तुमान २ ने वाढतं, त्यामुळे हे गॅलॅक्टोज मुळात आम्ल होतं का साधंच होतं हे वर्णपटात वेगळं कळतं.

वाचताना एक जागा खास सांभाळा. अरॅबिनोजवर १, ४, ५ ला अ‍ॅसिटिल आणि २, ३ ला मिथाइल दिसलं तर ते पाचव्या कार्बनवर जोडलेलं पाच अणूंच्या रिंगचं अरॅबिनोज असू शकतं, किंवा चौथ्यावर जोडलेलं सहा अणूंच्या रिंगचं. ही पद्धत दोघांत फरक करूच शकत नाही. पेक्टिनच्या अरॅबिननमध्ये पहिलं असतं हे आपण इतर पुराव्यावरून धरतो. तसंच अल्फा की बीटा हेही इथे कळत नाही, त्याला एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात घेतलेला वर्णपट) किंवा एकाच प्रकारचा बंध तोडणारं एन्झाइम लागतं. आणि शेवटी टोकाच्या साखरा आणि शाखाबिंदू जवळपास सारख्या संख्येने येतात का हे मोजा. शाखाबिंदू फारच जास्त आले तर तुमचं फळ खूप शाखांचं नाही, मिथायलेशन अर्धवट झालंय.

एनएमआर मिळत असेल तर प्रोटॉन वर्णपटात ३.८ पीपीएमला मिथाइल एस्टर, २.१ च्या आसपास अ‍ॅसिटिल आणि १.२-१.३ ला ऱ्हॅम्नोजचा मिथाइल गट, एवढं तरी लगेच ओळखता येतं.

झायलोज कुणाचं या प्रश्नाला झायलोग्लुकन तोडणारं एंडोग्लुकनेज उत्तम. ते मोकळ्या ग्लुकोजपाशी कापतं, तुकडे माल्डीवर (वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) टाकले की सोडियमसह एक्सएक्सएक्सजी १०८५ ला, एक्सएक्सएलजी १२४७ ला, एक्सएक्सएफजी १३९३ ला येतं, अ‍ॅसिटिल असेल तर प्रत्येकी ४२ ने पुढे. हे शिखर आलं नाही आणि झायलोज तरीही गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाबरोबर फिरत असेल तर झायलोगॅलॅक्ट्युरोननचा संशय घ्यायला हरकत नाही.

सालीच्या पातळ छेदावर अँटिबॉडी (ठरावीक साखळीलाच चिकटणारं प्रथिन) लावणं हे या सगळ्याला पूरक आहे, कारण द्रावणात काढलं की जागा हरवते. एलएम१९ कमी मिथाइलच्या एचजीला धरते, एलएम२० जास्त मिथाइलच्या, एलएम५ गॅलॅक्टनला, एलएम६ अरॅबिननला, एलएम१५ झायलोग्लुकनला. झायलोग्लुकन दिसलं नाही म्हणून ते नाही असं लिहू नका, आधी पेक्टेट लायेजने एचजी काढून पुन्हा बघा, बरेचदा ते पेक्टिनखाली झाकलेलं असतं.

पिकणं बघत असाल तर

कच्चं आणि पिकलेलं फळ शेजारी ठेवून हेच सगळं केलं की भाग एकातून दुसऱ्यात सरकताना दिसतात: घट्ट बसलेला पेक्टिन कमी, पाण्यात आणि सीडीटीएत येणारा जास्त, बऱ्याच फळांत शाखांवरचं गॅलॅक्टोज घटलेलं. पण एका एन्झाइमवर सगळं खापर फोडू नका. टोमॅटोत पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज दाबून फ्लेव्हर सेव्हर नावाचं वाण १९९४ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, तरी फळाच्या मऊ पडण्यावर त्या बदलाचा परिणाम किरकोळच निघाला, आणि पुढे पेक्टेट लायेज दाबल्यावर मात्र फळ स्पष्टपणे जास्त टणक राहिलं. साखळी तोडणारे दोघेही, पण भित्तिकेत त्यांचा वाटा सारखा नाही.

निकाल लिहिताना प्रत्येक आकड्यापुढे कुठला भाग, कुठलं द्रावण, किती तापमान हे द्या. आणि चित्र काढणार असाल तर एचजी आणि आरजी-१ कसे जोडायचे यावर अजून एकमत नाही हे लक्षात असू द्या, काही जण दोन्ही एकाच कण्यावर ओळीने धरतात, काही जण एचजीला आरजी-१ ची शाखा मानतात. तुमच्या डेटात जो बंध मोजलाय तो सलग रेषेने काढा आणि जो मोजलेला नाही तो तुटक रेषेने.